क्रीडागुरू प्रो. दिनकर बळवंत देवधर

शाळेच्या क्रिकेट-संघाची यादी सूचनाफलकावर लागते, त्या दिवशी फलकापुढे विद्यार्थ्यांची एकच झिम्मड उडते. ज्यांची नावे यादीत असतात त्यांच्या आनंदास पारावार राहत नाही. परंतु शिक्षकाची दृष्टी अशा वेळी बहुधा दुसऱ्याच मुलांकडे वळते. यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून जो मुलगा मुकाट्याने वर्गाकडे परततो, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न विजयी संघाच्या छायाचित्राहून मोठा आहे. कोणी रुसून मैदानाचे नाव टाकतो, कोणी निवडणारांस दोष देत बसतो, आणि क्वचित एखादा दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा बॅट घेऊन मैदानावर हजर होतो. यंदाच्या अंकासाठी ज्यांचे चरित्र निवडले आहे ते प्रो. दिनकर बळवंत देवधर या तिसऱ्या प्रकारचे पुरुष होते. हिंदुस्थानच्या कसोटी-संघाच्या यादीत त्यांचे नाव कधीच आले नाही. तथापि हिंदी क्रिकेटच्या इतिहासातून त्यांचे नाव काढावे म्हटले तर ते निघावयाचे नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांना क्रिकेटवीरांची नावे सांगावी लागत नाहीत. सन २०११ च्या विश्वचषक स्पर्धेत एकवीस गडी बाद करणारा झहीर खान हा श्रीरामपूरचा, आणि पुढे हिंदुस्थानच्या कसोटी-संघाचे नेतृत्व करणारा अजिंक्य रहाणे याचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथला, हे आपली लहान मुलेही तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु फळे दिसतात त्या झाडाची मुळे कोणी व कधी लावली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आपला जिल्हा क्रिकेटच्या कारभारात ज्या महाराष्ट्र असोसिएशनच्या क्षेत्रात मोडतो, त्या महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय विजेतेपदास प्रथम ज्यांनी पोहोचविला ते प्रो. देवधर होत. यास्तव त्यांची ओळख आपल्या मुलांना असणे अगत्याचे आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे शहरी झाला. त्या काळचे पुणे म्हणजे विद्येचे, वादविवादांचे व सभासंमेलनांचे माहेरघर होय. परंतु त्याच पुण्याच्या एका अंगास इंग्रज फौजेची छावणी होती, आणि छावणीबरोबर साहेबांचे खेळही आले होते. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या बॅडमिंटनच्या नियमांना सन १८७० नंतरच्या दशकात पुण्यातच आकार आला, आणि काही काळ तो खेळ पूना या नावानेच ओळखला जात असे. क्रिकेटही असेच छावणीतून शहरात आले. साहेबांच्या जिमखान्यावर गवत राखणारी, धावपट्टी लोळविणारी व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारी जी हिंदी पोरे होती, त्यांतूनच बाळू पालवणकर हा थोर गोलंदाज निर्माण झाला. पुढे शहरातील शाळा-कॉलेजांची मुले हा खेळ हौसेने खेळू लागली. देवधरांच्या बालपणीचे पुणे असे होते. एका हाती पोथी आणि दुसऱ्या हाती बॅट हा योग अन्यत्र विचित्र वाटला असता. पण या शहरी तो जुळून आला, आणि देवधरांच्या ठायी तर तो जन्मभर टिकला.

सन १९११ साली, वयाच्या विसाव्या वर्षात, देवधर मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघातून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. हे सामने कसे असत ते आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. त्या काळी प्रांतांचे संघ नसून धर्मांचे व जातींचे संघ असत. एका बाजूस युरोपियन, दुसऱ्या बाजूस पारशी व तिसऱ्या बाजूस हिंदू अशी ही चुरस चाले. सन १९१२ पासून मुसलमानांचा संघ येऊन सामने चौरंगी झाले, आणि सन १९३७ मध्ये आपण ख्रिस्ती, यहुदी वगैरे उरलेल्या समाजांचा मिळून पाचवा संघ त्यांत सामील झाला. हजारो लोक हे सामने पाहावयास लोटत. खेळ उत्तम होई यात शंका नाही. पण माणसाने कोणत्या बाजूने खेळावयाचे हे त्याच्या गुणांवर न ठरता त्याच्या जन्मावर ठरे, ही त्यातली उणीव होती.

देवधरांनी खेळ हा उपजीविकेचा धंदा केला नाही, आणि त्या काळी तो तसा करण्याची सोयही फारशी नव्हती. त्यांनी संस्कृत भाषेचे अध्यापन हे आपले जीवितकार्य म्हणून पत्करले. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने सन १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज स्थापन केले. तेच पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. त्या कॉलेजात देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि म्हणूनच क्रीडांगणावरही लोक त्यांना नुसते देवधर न म्हणता प्रोफेसर देवधर असेच म्हणत. आजच्याप्रमाणे प्रत्येक खेळास वेगळा पगारी शिक्षक नेमण्याची चाल तेव्हाच्या कॉलेजांत नव्हती. ज्या प्राध्यापकाच्या अंगी खेळाची आवड असे, त्यानेच सायंकाळी मैदानावर उभे राहून मुलांना चार गोष्टी सांगावयाच्या, अशी रीत होती. या रीतीने घडलेले क्रीडाशिक्षक आपल्या प्रांतात अनेक होऊन गेले. त्या सर्वांत देवधरांचा मान पहिला आहे.

संस्कृत आणि क्रिकेट यांचा काय संबंध, असे पालकांस वाटेल. परंतु ज्याने संस्कृताचा पहिला धडा गिरविला आहे त्याला हा संबंध ध्यानी येण्यास उशीर लागणार नाही. शब्दरूपे व धातुरूपे एका दिवसात येत नाहीत. तीच रूपे रोज म्हणावी लागतात. म्हणता म्हणता जीभ वळते, आणि मग वाक्य समोर येताच विभक्ती न विचारता कळते. फलंदाजाचेही तसेच आहे. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोहोचेपर्यंत विचार करण्यास अवकाशच नसतो. पाय पुढे टाकावा की मागे घ्यावा हे त्या क्षणी ठरवावयाचे म्हटले तर यष्टी उडालीच म्हणून समजा. ते आधीच्या शेकडो सायंकाळी ठरून गेलेले असले पाहिजे. शिवाय त्या दिवसांत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काथ्याची चटई अंथरून तिजवर खेळत असत. चटईवर चेंडू उसळतो व झटकन वळतो, आणि गवताच्या धावपट्टीवर तोच चेंडू निराळी चाल करतो. दोन्हींवर टिकावयाचे तर पायांची हालचाल अचूक पाहिजे आणि मन शांत पाहिजे. या दोन्ही गोष्टी पाठांतराप्रमाणेच रोजच्या अभ्यासानेच साध्य होतात.

चरित्र सांगताना केवळ गोड गोष्टी सांगाव्यात हे योग्य नव्हे. कारण थोर माणूसही आपल्या काळाच्या हवेतच वावरत असतो. सन १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी हिंदू संघात एक कटू प्रसंग घडला. बाळू पालवणकर व त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल हे चर्मकार समाजातील. गुणांनी ते कोणास हार जाणारे नव्हते. सन १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर गडी बाद करून नाव मिळविले होते, आणि विठ्ठल हे संघातील अनुभवी व कसलेले फलंदाज होते. तथापि संघाचे नेतृत्व नेहमी वरच्या मानलेल्या जातीच्या खेळाडूकडेच जाई. त्या वर्षी नेमलेले कप्तान पै हे आजारी पडले, तेव्हा निवड समितीने विठ्ठलांस बाजूस ठेवून देवधरांस कप्तान केले. विठ्ठल व शिवराम यांस हा अन्याय सहन झाला नाही आणि त्यांनी संघातून अंग काढून घेतले. पुढे अंतिम सामन्याच्या वेळी समितीस आपला हेका सोडावा लागला, पालवणकर बंधू संघात परतले, आणि सन १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, वगळले जाण्याचे दुःख दोन प्रकारचे असते. एक दुःख वय, प्रकृती वा काळ यांमुळे वाट्यास येते. दुसरे केवळ जन्मामुळे माणसावर लादले जाते. पहिल्याला तोंड देण्यास धैर्य पुरते; दुसऱ्यास मात्र धैर्याबरोबर न्यायाची मागणीही करावी लागते. पालवणकरांनी ती केली आणि ती योग्यच होती. देवधरांच्या आयुष्यात पहिल्या प्रकारचे दुःख पुढे यावयाचे होते. परंतु तत्पूर्वी त्यांच्या भाग्याचा एक मोठा दिवस उगवला.

सन १९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा बलाढ्य इंग्रज संघ हिंदुस्थानात आला. मॉरिस टेट यांच्यासारखा जगप्रसिद्ध गोलंदाज त्यात होता. डिसेंबर महिन्यात मुंबई जिमखान्याच्या मैदानावर प्रथम सी. के. नायडू यांनी हिंदूंच्या संघातून खेळताना एकशे त्रेपन्न धावांची वादळी खेळी केली, आणि सारी मुंबई हर्षाने वेडी झाली. त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल हिंदी संघाचा या पाहुण्यांशी सामना झाला. त्यात देवधरांनी एकशे अठ्ठेचाळीस धावा काढल्या. नायडूंचा खेळ विजेसारखा होता. देवधरांनी बुद्धी व चिकाटी यांच्या बळावर इंग्रज गोलंदाजांस दमविले. या दोन खेळ्यांनी इंग्रजांची आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या लोकांची खात्री पटली की हिंदी खेळाडू त्यांच्या बरोबरीने उभे राहू शकतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, सन १९२८ मध्ये, हिंदुस्थानचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि कसोटी सामने खेळण्याचा मार्ग मोकळा झाला.

हा मार्ग मोकळा होण्यास ज्यांनी हातभार लावला, त्यांस त्या मार्गाने जाण्याची संधी मिळाली काय? नायडूंना मिळाली. २५ जून १९३२ रोजी इंग्लंडात लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा ते कप्तान होते. परंतु त्या संघात देवधर नव्हते. सन १९२६ मध्ये ते चौतीस वर्षांचे होते. संधी येईपर्यंत त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. चाळिसाव्या वर्षी फलंदाजाची दृष्टी मंदावते, पाय जड होतात आणि लोक त्याच्याकडे भूतकाळातील माणूस म्हणून पाहू लागतात. कसोटीचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही, आणि पुढेही कधी उघडले नाही. सहा वर्षे आधी आपल्या देशास हा दर्जा मिळता तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. पण काळाचा चेंडू एकदा सुटला म्हणजे परत घेता येत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की आता चरित्र संपत आले. खरे पाहता देवधरांची मोठी कामगिरी येथून पुढेच सुरू होते, आणि हेच या चरित्राचे मर्म आहे.

सन १९३३ मध्ये प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंह यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सन १९३४ पासून रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. या सामन्यांची थोरवी अशी की यात संघ धर्मावरून न ठरता प्रांतावरून ठरत. पहिली दोन वर्षे करंडक मुंबईने नेला. मग नवानगर, हैदराबाद व बंगाल यांनी एकेकदा तो जिंकला. महाराष्ट्राकडे ना संस्थानिकांचा पैसा होता, ना मुंबईसारखी मोठमोठी मैदाने. होते ते पुण्याचे व आसपासचे तरुण खेळाडू, आणि त्यांच्या डोक्यावर एक पोक्त प्राध्यापक. सन १९३९-४० च्या हंगामात देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा पराभव करून रणजी करंडक प्रथमच पटकाविला. त्या वेळी कप्तानाने अठ्ठेचाळीसाव्या वर्षात वा त्याच्या पुढे पाऊल टाकले होते. त्यांच्या हाताखालचे कित्येक खेळाडू त्यांच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या वयाचे होते.

त्याच हंगामात बडोद्याविरुद्ध पुण्यास झालेल्या सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना विजय हजारे यांनी नाबाद तीनशे सोळा धावा काढल्या. रणजी सामन्यांतील हे पहिलेच त्रिशतक होय. हजारे हे सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचे चिरंजीव, हे आपल्या वाचकांस सांगावयास मनास विशेष संतोष वाटतो. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते हिंदूंच्या विरुद्ध बाजूने खेळत असत. सन १९४३ मध्ये तर त्यांनी इतर समाजांच्या संघासाठी हिंदूंविरुद्ध तीनशे नऊ धावा काढल्या. परंतु महाराष्ट्राच्या संघात संस्कृतचे ब्राह्मण प्राध्यापक आणि सांगलीचे हे ख्रिस्ती तरुण एकाच झेंड्याखाली उभे होते. पुढे हजाऱ्यांनी सन १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत दोन शतके काढली, आणि सन १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदुस्थानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पंचरंगी सामने सन १९४६ नंतर बंद पडले. प्रांताप्रांतांचे सामने मात्र टिकले. कोणती रीत टिकण्यास योग्य होती याचा निवाडा काळानेच केला.

सन १९४०-४१ चा हंगाम तर याहूनही गाजला. पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना झाला. रणजी सामन्यांचा नियम असा की वेळ संपेपर्यंत दोन्ही डाव पुरे झाले नाहीत, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो संघ पुढे जातो. महाराष्ट्राने प्रथम खेळून सहाशे पंच्याहत्तर धावा केल्या. त्यात कप्तान देवधरांच्या धावा दोनशे सेहेचाळीस होत्या! अठ्ठेचाळीस वर्षांचा प्राध्यापक उन्हात तासन्‌तास उभा राहून द्विशतक काढतो आणि वर पुन्हा क्षेत्ररक्षणासाठी मैदानात उतरतो, ही गोष्ट आज ऐकतानाही नवल वाटते. मुंबईकरांनीही हार मानली नाही. त्यांनी पाठलाग करीत सहाशे पन्नास धावांपर्यंत मजल मारली, आणि तेथे त्यांचा डाव आटोपला. अवघ्या पंचवीस धावांनी सामन्याचा निकाल लागला. तेराशेहून अधिक धावांच्या या राशीत पंचवीस म्हणजे काय? एखादा सुटलेला झेल, दोनचार चोरट्या धावा, एखाद्या क्षेत्ररक्षकाची पळभराची डुलकी. परीक्षेत एका गुणाने अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या वर्षी अंतिम सामन्यात मद्रासचा पराभव करून महाराष्ट्राने लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक जिंकला.

या यशाची किंमत पुढील इतिहासाने अधिकच स्पष्ट केली. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ सन १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोचला. परंतु तिन्ही वेळा करंडक हाती आला नाही. एकाहून एक नामांकित खेळाडू असतानाही जे साधले नाही ते देवधरांनी दोन वर्षे ओळीने साधले. उत्तम फलंदाज होणे वेगळे आणि अकरा जणांस एका मनाचे करणे वेगळे. दुसरे काम मूलतः शिक्षकाचे आहे. कोणत्या मुलास शाबासकी द्यावी, कोणास रागे भरावे, कोणास काही न बोलता नुसते आपल्या शेजारी उभे करावे, हे ज्यास कळते त्यासच ते साधते. त्या संघातील रंगा सोहोनी हे पुढे सन १९४६ च्या दौऱ्यात इंग्लंडात हिंदुस्थानकडून कसोटी सामने खेळले. ज्या संघाच्या यादीत गुरूचे नाव कधी आले नाही, त्यात त्यांच्या हाताखाली खेळलेल्या तरुणांची नावे येऊ लागली.

इतके झाल्यावर तरी प्राध्यापकांनी बॅट खुंटीस टांगावी की नाही? पण नाही. सन १९४४-४५ च्या हंगामात, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी एका डावात एकशे पाच व दुसऱ्या डावात एकशे एकेचाळीस धावा काढल्या. एकाच सामन्यात दोन शतके काढणे ही गोष्ट पंचविशीतल्या खेळाडूसही अभिमानास्पद वाटते. सन १९११ मध्ये सुरू झालेला त्यांचा प्रथम श्रेणीचा खेळ सन १९४८ पर्यंत चालला. म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी ज्याने खेळण्यास आरंभ केला, तो दुसरे महायुद्ध संपल्यावरच थांबला. मधल्या काळात इंग्रजी राज्य गेले, देश स्वतंत्र झाला, खेळाचे नियम व मैदाने बदलली. एवढ्या काळात त्यांनी एक्याऐंशी सामने खेळून चार हजार पाचशे बावीस धावा केल्या आणि नऊ शतके झळकाविली. आजचा खेळाडू इतके सामने थोड्याच वर्षांत खेळतो, पण तेव्हा वर्षातून दोनतीनच मोठे सामने वाट्यास येत. पुढील सामना कित्येक महिन्यांनी आहे हे ठाऊक असूनही रोज सराव चालू ठेवणे, यात खरी तपश्चर्या आहे.

या घराण्याची आणखी एक गोष्ट पालकांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरी मुली आहेत अशा पालकांनी, ध्यानी धरण्याजोगी आहे. तो काळ असा होता की, मध्यमवर्गीय घरातील मुलीने मैदानावर जाणे पुष्कळांस रुचत नसे. मुलीस शिकवावे की नाही याविषयीच जेथे वाद होते, तेथे तिला खेळू द्यावे हा विचार दूरच राहिला. अशा काळात देवधरांच्या तारा, सुंदर व सुमन या तिन्ही कन्यांनी बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली, आणि सन १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून देवधर भगिनी म्हणून देशभर नाव कमाविले. ज्या पुण्याच्या छावणीत या खेळाचे नियम साहेबांनी बांधले, त्याच पुण्याच्या एका प्राध्यापकाच्या मुलींनी त्या खेळात राष्ट्रीय विजेतेपद मिळवावे, हा योग काही सामान्य नव्हे. वडिलांनी परक्यांच्या मुलांस जे दिले ते स्वतःच्या मुलींपासून राखून ठेवले नाही, यातच त्यांच्या शिकवणुकीचा खरेपणा दिसून येतो.

खेळणे थांबल्यावरही देवधरांचे क्रिकेट थांबले नाही. त्यांनी क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद भूषविले, महाराष्ट्राच्या असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून काम पाहिले, आणि राष्ट्रीय निवड समितीतही जबाबदारी सांभाळली. यादीत ज्यांचे नाव आले नाही त्यांच्याच हाती यादी करण्याचे काम यावे, ही दैवाची गंमतच म्हणावयाची. याखेरीज खेळाविषयी त्यांनी मराठीत व इंग्रजीत लेखन केले, आणि जे मैदानावर शिकविले ते पुढच्या पिढीसाठी कागदावरही ठेविले. भारत सरकारने त्यांस सन १९६५ मध्ये पद्मश्री व सन १९९१ मध्ये पद्मभूषण हे किताब दिले. सन १९७३-७४ पासून देशाच्या विभागांमध्ये मर्यादित षटकांचे सामने सुरू झाले, त्या स्पर्धेच्या करंडकास देवधरांचे नाव देण्यात आले. ज्यांनी दिवसदिवसभर खेळून धावांच्या राशी उभ्या केल्या, त्यांच्या नावाचा करंडक एका दिवसात संपणाऱ्या सामन्यांस मिळाला, आणि तो सोहळा पाहण्यास ते स्वतः हयात होते.

१४ जानेवारी १९९२ रोजी त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली. फलंदाजाच्या आयुष्यातील हे शेवटचे शतक, आणि तेही त्यांनी नाबाद राहूनच पुरे केले! पुढे २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षात, पुणे येथेच त्यांनी देह ठेविला. सन १९९६ मध्ये टपाल खात्याने चार हिंदी क्रिकेटवीरांची तिकिटे काढली. सी. के. नायडू, विजय मर्चंट व विनू मंकड हे तिघेही कसोटीवीर, चौथे प्रो. देवधर. एकही कसोटी सामना न खेळता ते या तिघांच्या पंक्तीस जाऊन बसले, आणि कोणासही त्यात काही विजोड वाटले नाही.

आता पालकांस दोन शब्द. मुलगा मैदानावर गेला म्हणजे अभ्यास बुडाला, ही समजूत अजूनही अनेक घरांत आहे. तिला उत्तर म्हणून देवधरांचे चरित्र पुरेसे आहे. त्यांनी पुस्तकासाठी खेळ सोडला नाही, आणि खेळासाठी पुस्तकही सोडले नाही. उलट दुसऱ्या टोकाचीही एक चूक होते. मुलगा जिल्ह्याच्या वा राज्याच्या संघात गेला नाही तर त्याचा सारा खेळ वाया गेला, असे मानून काही पालक त्याची बॅट कपाटात बंद करतात. देवधरांच्या वडिलकीच्या वयात कोणी त्यांची बॅट अशी बंद केली असती, तर महाराष्ट्राच्या नावावर एकही रणजी करंडक नसता.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. यंदाही सूचनाफलकावर यादी लागेल. तीत अकरा नावे असतील आणि दोनचार राखीव. उरलेल्यांची नावे तेथे नसतील. यादी करणारा कोणावर अन्याय करीत असेल तर ते स्पष्टपणे व सभ्यपणे सांगण्यास भिऊ नका. विठ्ठल पालवणकरांनी ते सांगितले. परंतु अन्याय नसून केवळ वेळ चुकली असेल, तर दुसऱ्या दिवशी सायंकाळी मैदानावर या. तुमच्याहून लहान मुले तेथे बॅट कशी धरावी हे न समजून उभी असतात. त्यांपैकी एकास ती नीट धरावयास शिकवा. प्रो. देवधरांचे नाव चाळिसाव्या वर्षी यादीत आले नाही. त्यांनी त्यानंतर काय केले, हे तुम्ही आता जाणता.